‘परततेच’ मधला ‘च’

ताई, तुमच्या पत्राची दोन पाने लेकाच्या घरातल्या गादीनेच व्यापली आहेत. ती मऊ होती म्हणून झोप लागली नाही, मग सुनेने कडक आणली तरी लागली नाही. उशी बदलली, पंखा कुरकुरतो म्हणून खोलीही बदलली, तरी डोळ्याला डोळा लागत नाही, तेव्हा आता तिकडे जाणेच थांबवावे का, असे तुम्ही विचारता. या पसाऱ्यात एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात : ‘मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने परततेच.’ मला त्यातल्या ‘च’शी बोलायचे आहे.

परक्या जागी पहिल्या रात्री झोप मोडकी लागते, हे संशोधकांनी १९६६ मध्येच रीतसर नोंदवले आहे, आणि झोपेच्या अनेक अभ्यासांत पहिल्या रात्रीच्या नोंदी हिशेबातच धरत नाहीत. २०१६ मध्ये ब्राउन विद्यापीठातील मसाको तमाकी, युका सासाकी आणि सहकाऱ्यांना असे आढळले, की नव्या जागी गाढ झोपेतही मेंदूच्या डाव्या अर्ध्या बाजूचा काही भाग उजवीइतका गाढ झोपत नाही. तो पहाऱ्यावर असतो, आणि उजव्या कानाशी काही वेगळा आवाज झाला की माणूस लवकर जागा होतो. (डॉल्फिन तर एका वेळी अर्ध्याच मेंदूने झोपतात, त्या मानाने तुम्ही बऱ्याच निवांत आहात.) आठवड्याने तीच माणसे तिथेच पुन्हा झोपली, तेव्हा हा पहारा उठलेला होता.

आता तुमचा हिशेब पाहा. चार-सहा महिन्यांनी जायचे, एक रात्र तळमळायचे आणि उजाडताच निघायचे, म्हणजे इतक्या वर्षांत लेकाच्या घरी तुम्ही फक्त पहिल्याच रात्री काढल्या आहेत. दुसरी रात्र तुम्ही त्या घराला कधी दिलीच नाही, आणि दोष मात्र गादीला! तुमच्या जागरणाचे मला वाईट वाटते, पण या हट्टाचा रागही येतो.

या वेळी परतीचे तिकीट चौथ्या दिवसाचे काढा. पोचल्या पोचल्या बॅग रिकामी करून कपडे कपाटात लावा. दाराशी तयार ठेवलेली बॅग तुम्हाला रात्रभर निघायचीच आठवण करून देते. पहिली रात्र वाईट जाईलच, ती जाऊ द्या, उठून घड्याळ पाहू नका आणि सकाळी सुनेकडे नवी उशी मागू नका. त्यानंतरही गादीविषयी तक्रार उरली, तर ती मला तिसऱ्या रात्रीनंतर, तिथूनच लिहून पाठवा.