आधी बाथरूमचं बोलू, मग बी.ए.चं

"अक्का, मी खानापूर तालुक्यातली, वय 20. दोन वर्षांपूर्वी टू-व्हीलरवरून पडले, मानेला मार बसला. पाय चालत नाहीत, बोटं नीट मिटत नाहीत, व्हीलचेअरवर असते. घरी बसून पीयूसी म्हणजे बारावी केली, 78 टक्के पडले. बेळगावात बी.ए. करायचंय. कॉलेजवाले म्हणतात क्लास दुसऱ्या मजल्यावर आहेत, एक्स्टर्नल कर. बाबा म्हणतात, कशाला गे आता, आम्ही हाय की. सगळं आईच करते. परीक्षेला गेले त्या दिवशी सकाळपासून पाणीच प्यायले नाही. काय करू?"

बाळा, तू विचारलंस रेग्युलर का एक्स्टर्नल, पण माझं लक्ष त्या पाण्याच्या वाक्यावर अडकलंय. तू ते सहज लिहून गेलीस. परीक्षेचे चार दिवस निघाले असतील तसे, पण तीन वर्षं रोज असं करशील तर लघवीचं इन्फेक्शन ठरलेलंच, आणि मानेच्या इंजुरीत ब्लॅडर तुंबलं तर कधीकधी बीपी एकदम चढतं, डोकं ठणकतं, तोंडाला घाम फुटतो, अशा वेळी सरळ बसवून आधी ब्लॅडर रिकामं करायचं असतं आणि तरी उतरलं नाही तर तडक दवाखाना. हे तुझ्यासोबत जी कोणी असेल तिला माहीत पाहिजे, फक्त आईला नाही. म्हणून पहिलं काम युरॉलॉजिस्टकडे जा. दर चार ते सहा तासांनी नळीनं लघवी काढायची पद्धत असते, नर्स शिकवते, तुझ्या बोटांना जमलं नाही तर दुसरं कोणी करू शकतं. लाजायचं काय त्यात. आणि खुर्चीत बसल्यावर थोड्या थोड्या वेळानं अंग हलवून घ्यायचं, नाहीतर जखमा होतात, त्या झाल्या की सगळं वर्ष पलंगावर.

आता कॉलेज. एक्स्टर्नल वाईट नाही गे, तुला प्रवास झेपत नसेल तर खुशाल कर. पण जिना आहे म्हणून तू का घरी बसायचं? क्लास खाली आणता येतो की, बेंच काय सिमेंटनं चिकटवलेत? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असणाऱ्यांना किमान 5 टक्के जागा आहेत, वयातही 5 वर्षांची सूट आहे. बिल्डिंग वापरता येईल अशी करणं हेही त्याच कायद्यात आहे. तोंडी बोललेलं हवेत जातं. लेखी अर्ज दे, ग्राउंड फ्लोअरला क्लास, रॅम्प, खुर्ची आत जाईल असं टॉयलेट, परीक्षेला रायटर आणि तासाला 20 मिनिटं जादा. अर्ज इंग्लिश नाहीतर कन्नडात लिही, मराठीतला टेबलावरच पडून राहतो हा आपल्याकडचा अनुभव, ते भांडण नंतर. पोच घ्यायला विसरू नको. ऐकलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार जाते.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, नसेल तर त्याआधी ते काढ, त्याशिवाय पुढचं काही हलत नाही. ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू असतात, दिव्यांगांची कामं बघणारे, त्यांना धर. स्कॉलरशिपही आहे, घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भर.

बसचं काय सांगू, 2023 पासून कर्नाटकात बायकांना फुकट आहे खरी, पण आधी ती पायरी चढता आली पाहिजे ना! गावातल्या कुणाची रिक्षा किंवा ओमनी महिन्यावर ठरवता आली तर बघ.

बाबांशी भांडू नको. ते घाबरलेत, "आम्ही हाय की" यात तेवढंच आहे. पण आईची कंबर किती वर्षं चालेल हे त्यांना तूच विचार, एकदाच, आई समोर नसताना. आणि सोबतीला गल्लीतली एखादी बी.ए.ला जाणारी मुलगी शोधा, तिला महिन्याचे पैसे द्या. मैत्रिणीला पैसे कसे द्यायचे म्हणशील, पण पैसे दिले की तुलाही हक्कानं सांगता येतं आणि ती पण दांड्या मारत नाही.

अर्ज द्यायला जाशील तेव्हा टेप घेऊन जा. आधी घरी खुर्चीची रुंदी मोज, मग तिथल्या खालच्या टॉयलेटचं दार. किती इंच निघालं ते मला कळव.