ॲव्होकाडोचा स्कॅनर 26 टक्के दाखवतो, तरी फळ कडक का? आणि दर वेळी आकडा वेगळा का?

यंत्र बहुधा बरोबरच आहे. तुम्हाला हवंय ते एक आणि ते मोजतंय दुसरंच. हातात धरायचे बरेचसे नियर-इन्फ्रारेड स्कॅनर गरातला शुष्क पदार्थ, म्हणजे ड्राय मॅटर, सांगतात. पाणी 970 नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं, त्यावरून पाणी किती आणि बाकी किती याचा अंदाज बांधला जातो. फळ काढणीला आलं होतं का, एवढंच यातून कळतं. हास जातीसाठी कॅलिफोर्नियात किमान 20.8 टक्के लागतात. ॲव्होकाडो झाडावर मऊ पडत नाही, तोडल्यावर पडतो, आणि त्या काळात हा आकडा फारसा हलत नाही. त्यामुळे कडक फळ आणि खायला तयार फळ, दोन्हींचं वाचन 26 येऊ शकतं.

आता आकडे का हलतात ते. देठाकडचा आणि बुडाकडचा गर सारखा नसतो, म्हणून फळाच्या मध्यावर, समोरासमोरच्या दोन बाजूंना वाचन घ्या आणि सरासरी काढा. हासची साल खडबडीत असते. फळ आणि भिंग यांत फट राहिली की बाहेरचा प्रकाश आत शिरतो. उन्हात तर हमखास. शीतगृहातून काढलेलं फळ लगेच मोजू नका, कारण तापमानाने पाण्याचं शोषण सरकतं, शिवाय सालीवर दव धरतं. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, पुसा, मग मोजा. मोजण्याआधी यंत्र जुळवायला वापरतात त्या पांढऱ्या संदर्भ-चकतीवर बोटांचे डाग असतील तर सगळीच वाचनं बिघडतात.

यंत्रातलं मॉडेल, म्हणजे शोषलेल्या प्रकाशावरून टक्के काढणारं गणित, त्याच जातीचं आहे ना, हेही बघा. पडताळणी सोपी आहे: स्कॅन केलेल्या जागेखालचा गर साल आणि बीचं आवरण काढून 10 ग्रॅम घ्या, पातळ काप करा, 65 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. 2.4 ग्रॅम उरले तर 24 टक्के. असं वेगवेगळ्या पक्वतेच्या फळांवर करा. फरक सगळीकडे एकाच दिशेने आणि साधारण सारखाच असेल तर तेवढी दुरुस्ती यंत्रात घालता येते. वरखाली असेल तर मॉडेलच नव्याने बांधावं लागतं.

आज खाता येईल का, हे कळायला मऊपणाच मोजावा लागतो: दाबून मोजणारा ड्युरोमीटर किंवा हलका ठोका देऊन फळाची कंपनं वाचणारं यंत्र. काळ्या रंगावर विसंबू नका, फ्युएर्तेसारख्या जाती पिकूनही हिरव्याच राहतात. ड्युरोमीटर मात्र एकाच जागी पुन्हा पुन्हा टेकवू नका. मऊ फळाचा गर तिथेच आतून काळा पडतो.