पेनिंग ५×१०^-५ वर अडकलंय? तेल काढण्याआधी चेंबर बंद करून चढ मोजा

प्रश्न थोडक्यात असा: १२ इंची बेल जारचं (घंटेच्या आकाराच्या चेंबरचं) थिन फिल्म कोटिंग युनिट, म्हणजे निर्वातात पातळ थर चढवणारं यंत्र, चार इंची डिफ्यूजन पंप (तापलेल्या तेलाच्या वाफेच्या झोतांनी वायू ओढणारा), त्याच्या मागे बॅकिंगला दोन स्टेजचा रोटरी पंप. पूर्वी दोन तासांत ८×१०^-६ मिलिबार मिळायचं, आता पेनिंग (खूप कमी दाब मोजणारं गेज) ५×१०^-५ च्या खाली जात नाही. सगळ्या ओ-रिंगा बदलल्या, ग्रीस भरपूर लावलं, फरक नाही. आता डिफ्यूजन पंपाचं तेल बदलायचं का?

लगेच नको. अडकलेला आकडा तीन कारणांनी दिसतो. चेंबरमध्ये वायू जास्त येतोय, पंप कमी ओढतोय, किंवा गेज चुकीचं सांगतंय. पाना हातात घेण्याआधी यातलं कोणतं ते ठरवता येतं. त्याला एक घड्याळ आणि पाच मिनिटं पुरतात.

नेहमीसारखं पंप करून आकडा स्थिर होऊ द्या. मग हाय व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बंद करा. डिफ्यूजन आणि बॅकिंग चालूच राहू द्या. आता चेंबर एकटं पडलं. चेंबरवरच्या गेजचं वाचन दर १५ सेकंदांनी लिहून काढा. दाब १०^-३ च्या वर गेला की पिरानीवर (त्याहून जास्त दाब मोजणाऱ्या गेजवर) या. त्याखाली पिरानीच्या आकड्याला फार अर्थ नसतो.

आता हिशोब. जार आणि बेसप्लेट मिळून आकारमान सुमारे ३० लिटर धरू, बॅफल (तेलाची वाफ चेंबरकडे जाऊ न देणारा अडसर) आणि व्हॉल्व्हमधून चेंबरपर्यंत पोचणारा ओढण्याचा वेग १५० लिटर/सेकंद धरू. (पाटीवरचा वेग याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असेल, तो पंपाच्या तोंडाशी असतो.) दाब ५×१०^-५ वर खरोखर टिकून असेल तर येणारा वायू म्हणजे दाब गुणिले वेग, ७.५×१०^-३ मिलिबार-लिटर/सेकंद. तोच वायू बंद चेंबरमध्ये साठला तर दाब सेकंदाला २.५×१०^-४ ने, म्हणजे मिनिटात १.५×१०^-२ मिलिबारपर्यंत चढायला हवा.

तुमचा चढ याच्या आसपास असेल तर वायू खरंच येतोय, पंपाला दोष देऊ नका. पण मिनिटभरात दाब जेमतेम २×१०^-३ वर गेला, तर येणारा वायू फक्त १०^-३ मिलिबार-लिटर/सेकंद आहे. निरोगी पंपाने तेवढ्यावर ६ ते ७×१०^-६ दाखवायला हवं, म्हणजे जवळपास तुमचा जुना आकडा. अशा वेळी चेंबर ठीक आहे, बिघाड पंपात किंवा गेजमध्ये आहे आणि ओ-रिंगा बदलण्याचे कष्ट चुकीच्या जागी गेले. पिरानी नायट्रोजनवर कॅलिब्रेट केलेलं असतं, पाण्याची वाफ ते फुगवून दाखवतं, त्यामुळे दुपटीच्या फरकावर वाद घालू नका. इथे सात-आठ पटींचा फरक शोधायचा आहे.

चढाचा आकारही बघा. आलेख सरळ रेषेत चढत राहिला तर बाहेरून हवा येतेय, कारण बाहेरचा दाब बदलत नाही. सुरुवातीला झपाट्याने चढून वाकत गेला तर आतल्या पृष्ठभागांवरून वाफ सुटतेय, बहुतेक पाणीच. न भाजलेल्या सिस्टिममध्ये या दाबाला उरलेला वायू मुख्यतः पाण्याची वाफच असतो. खात्रीसाठी लिक्विड नायट्रोजनचा ट्रॅप असेल तर तो भरा. चेंबरकडे उघडा असलेला थंड पृष्ठभाग दर चौरस सेंटिमीटरला पाण्याची वाफ सेकंदाला सुमारे १४.७ लिटर वेगाने ओढतो. १०० चौ. सेंमी म्हणजे पाण्यापुरता जवळपास दीड हजार लिटरचा पंप. ट्रॅप व्हॉल्व्हखाली असेल तर मधल्या वाटेमुळे हा फायदा बराच घटतो, तरी खूण स्पष्ट मिळते: वाचन झपकन उतरलं तर पाणी, जागचं हललं नाही तर हवेची गळती.

पाणी निघालं तर आधी जारच्या आतल्या भिंती आणि शील्ड बघा. आधीच्या कोटिंगचे थरावर थर साचलेले असतात. हे थर सच्छिद्र असतात आणि चेंबर उघडल्याबरोबर दमट हवेतलं पाणी पितात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात हाच आकडा दर वर्षी बिघडतो, त्यात नवल नाही. शील्ड काढून घासा किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून दर काही रनला ती बदला. चेंबर हवेऐवजी कोरड्या नायट्रोजनने उघडा, उघडं असेल तेवढा वेळ कमीत कमी ठेवा, काम नसेल तेव्हा पंप करून बंद ठेवा. आतून हीटर किंवा दिव्याने ६०-८० अंशांपर्यंत तासभर तापवलं तरी खूप फरक पडतो.

ग्रीसबद्दल थोडं कडक बोलतो. भरपूर ग्रीस ही चूकच आहे. ग्रीस गळती बंद करत नाही, ओ-रिंग दाबली गेल्याने गळती बंद होते. जादा ग्रीस स्वतःच वाफ सोडतं, धूळ आणि केस धरून ठेवतं. सगळ्या ओ-रिंगा काढून न-धाग्याच्या कापडाने पुसा, रिंगवर नुसती चमक राहील एवढाच थर ठेवा. व्हायटॉनला अ‍ॅसिटोन लावू नका, ती फुगते. आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा आणि पूर्ण वाळू द्या. खाचेत आडवा ओरखडा असेल तर नवी रिंगही तिथे गळणार. खाचेच्या दिशेने जाणारा ओरखडा तेवढा त्रास देत नाही.

रेष सरळ निघाली तर गळती शोधायची. सगळ्यात आधी हलणारे भाग: शटरचा फिरता फीडथ्रू (चेंबरच्या भिंतीतून आत जाणारा हवाबंद जोड), व्हेंट व्हॉल्व्हची सीट, जारच्या तळाचं गॅस्केट. मग फिलामेंटला करंट देणारे फीडथ्रू, ते तापून त्यांच्या रिंगा कडक होतात. हेलियम लीक डिटेक्टर मिळाला तर फवारा वरून खाली आणा, हेलियम वर चढतो. खालून सुरुवात केली तर वरची गळती खालच्या जोडाच्या नावावर जाते. डिटेक्टर नसेल तर सिरिंजने एकेका जोडावर आयसोप्रोपिलचे दोन थेंब टाका आणि गेजकडे बघा. वाचन वर उडेल किंवा थेंब भोक बुजवल्यामुळे क्षणभर खाली येईल, दोन्ही खुणाच आहेत. मात्र डिफ्यूजनचा हीटर तापलेला असताना त्याच्या आसपास द्रव अजिबात नको, आग लागते.

कधीकधी बाहेरून काहीच सापडत नाही आणि तरी दाब उतरत नाही. तेव्हा आतल्या स्क्रूंकडे वळा. आंधळ्या भोकात पिळलेल्या स्क्रूखाली हवेचा कप्पा अडकतो आणि आट्यांमधून दिवसभर झिरपत राहतो. हेलियम त्याला कधीच पकडणार नाही. मधून भोक पाडलेला स्क्रू किंवा बाजूने कापलेली खाच हाच उपाय. नुकतंच आत कुणी नवीन होल्डर बसवलं असेल तर मी पहिला संशय त्यावरच घेईन.

आता चढ कमी निघाला तर पंपाकडे. बॅकिंग लाइनवरचं पिरानी ०.१ मिलिबारच्या खाली हवं. ते ०.५ च्या आसपास गेलं की वाफेचे जेट मोडतात आणि डिफ्यूजन पंप काम सोडतो. रोटरीचं तोंड बंद करून तपासा, पिरानीवर १०^-२ च्या खाली जायला हवा. तेल दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी आहे: गॅस बॅलास्ट (रोटरीत थोडी हवा सोडून पाण्याची वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) उघडून अर्धा तास चालवा, तरी दुधाळ राहिलं तर गरम असतानाच बदला. मग हीटर. क्लॅम्प मीटरने करंट बघा. ४५० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे २ अँपिअर घेतो. दोन एलिमेंटपैकी एक उघडं पडलं की पंप गरम लागतो, पण जेट नीट बनत नाहीत. कूलिंगच्या पाण्याचा प्रवाहही मोजा. बोअरच्या पाण्यातले क्षार तांब्याच्या कॉइलमध्ये बसून वाट अरुंद करतात.

गेजचं थोडक्यात. मळलेलं पेनिंग सहसा खरा दाब असतो त्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून तुमचा वाढलेला आकडा साध्या मळामुळे असण्याची शक्यता कमी. पण इन्सुलेटरवर धातूचा थर चढला असेल तर गळका करंट वाचन वाढवतो. गेज बंद करून चुंबक काढा, पुन्हा चालू करा. चुंबकाशिवाय डिस्चार्ज टिकत नाही, तरीही आकडा दिसला तर तो गळका करंट आहे. उघडून साफ करताना सप्लाय बंद आणि केबल काढलेली हवी, तिथे साधारण दोन हजार व्होल्ट असतात. आणखी एक, जास्त दाबाला डिस्चार्ज विझला तर पेनिंग फार चांगला व्हॅक्यूम असल्यासारखं दाखवतं. पिरानीचा दुजोरा नसताना त्यावर विसंबून व्हॉल्व्ह उघडू नका.

तेल बदलायची वेळ शेवटी आलीच तर पंप पूर्ण थंड होऊ द्या. गरम तेलाला हवा लागली तर तेही जातं आणि जेटवर काळा थर बसतो. तेल काळपट किंवा डांबरासारखं असेल तर जेटचा मनोरा उतरवून साफ करा, तुकडे त्याच क्रमाने आणि पूर्ण टेकवून बसवा. तेल निर्मात्याने दिलेल्या मापाने भरा, जास्त नको. ७०४ जातीचं सिलिकॉन तेल घेतलंत तर चुकून आत आलेली हवा ते खनिज तेलापेक्षा बरंच सहन करतं. नवीन तेलात विरघळलेली हवा असते, म्हणून पहिले काही तास हाय व्हॅक्यूम व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप फक्त बॅकिंगवर चालवा.