वाचक विचारतात: सॅम की जॅक, आणि बाकीची आयरिश भानगड

मागच्या अंकात आयर्लंडच्या रग्बी टीमवर अर्धं पान लिहिलं होतं. शेवटी सहज एक वाक्य टाकलं की म्हातारे निघाले आणि पोरं अजून उंबऱ्यावरच उभी आहेत. त्यावर एवढे मेल आले की या वेळी क्रिकेटचे प्रश्न बाजूला ठेवले. जमले तेवढे घेतलेत.

दादा, डब्लिनला येऊन दीड वर्ष झालं. सोमवारी ऑफिसात कॉफी मशीनपाशी एकच वाद, टीममध्ये 10 नंबरला सॅम की जॅक. मी नुसती मान डोलावतो. बाजू घ्यायचीच तर कोणाची घेऊ?
(मूळ पुणे, सध्या डब्लिन)

आधी समोरचा माणूस कुठल्या गावचा ते विचारा, बाजू आपोआप ठरेल. सॅम प्रेंडरगास्ट किल्डेअरचा, म्हणजे लेन्स्टर प्रांताचा, 2003चा जन्म. जॅक क्रोली कॉर्कजवळच्या इनिशॅननचा, म्हणजे मन्स्टरचा, 2000चा. आणि लेन्स्टर-मन्स्टर हे आपल्या पुणे-मुंबईपेक्षा वाईट आहे, कारण इथे खरंच एकमेकांच्या अंगावर पडायचं असतं.

10 नंबरचा, म्हणजे फ्लाय-हाफ. बॉल पास करायचा, किक मारायचा की स्वतः घेऊन पळायचं हे तो ठरवतो, बहुतेक वेळा पॉइंटच्या किकाही तोच मारतो. त्यामुळे टीम हरली की पहिल्या शिव्या त्यालाच. सॅमच्या पायात जादू आहे, उंच सडपातळ पोरगा, सगळे धावत असताना हा एकटा सावकाश चालल्यासारखा वाटतो आणि तेवढ्यात बॉल साठ मीटर लांब जाऊन बरोबर कोपऱ्यात पडलेला असतो. पण अंगावर शंभर किलोचा माणूस आला की टॅकल सुटतो, हे सगळ्या जगाला कळलंय त्यामुळे सगळे त्याच्याच गल्लीतून पळत येतात. जॅकचं उलटं, तो टॅकलला घाबरत नाही, अंगात रग आहे. 2023ला लीगच्या सेमीफायनलमध्ये लेन्स्टरच्याच घरी, डब्लिनला, मन्स्टर मागे असताना शेवटच्या काही मिनिटांत त्याने ड्रॉप गोल (हातातला बॉल जमिनीवर टाकून उसळताच खांबांमधून मारायचा, तीन पॉइंट) मारला आणि मन्स्टर 16-15 जिंकलं. पुढे फायनलही. 2024ला आयर्लंडने सिक्स नेशन्स, म्हणजे युरोपातल्या सहा देशांची दरवर्षीची स्पर्धा, जिंकली तेव्हा पाचही मॅचला सुरुवातीपासून तोच होता. आणि 2025च्या सिक्स नेशन्सला? पहिल्या चार मॅच सॅमला, जॅकला फक्त शेवटची, इटलीविरुद्धची. आता मन्स्टरवाले चिडणार नाहीत तर काय.

हा वाद नवा नाहीये हो. 2009ला क्रोक पार्कला युरोपियन कपची सेमीफायनल होती, लेन्स्टर विरुद्ध मन्स्टर, 82 हजार लोक. आयर्लंडचा 10 नंबर तेव्हा मन्स्टरचा रोनन ओ'गारा. लेन्स्टरचा नेहमीचा माणूस जखमी झाला म्हणून जॉनी सेक्स्टन नावाचा एक पोरगा आत आला, आल्या आल्या पहिली पेनल्टी मारली, लेन्स्टरचा ट्राय (बॉल समोरच्यांच्या लाइनपलीकडे जमिनीला टेकवायचा, पाच पॉइंट) झाला तेव्हा ओ'गारा जमिनीवर पडलेला आणि हा त्याच्या तोंडावर जाऊन ओरडला. लेन्स्टर 25-6 जिंकलं. दोघांमधून कित्येक वर्षं विस्तव जात नव्हता, आणि गंमत बघा, पुढे सेक्स्टन पॅरिसच्या क्लबला गेला तर तिथे किकिंगचा कोच कोण, ओ'गारा! मग झाली दोस्ती. आता तोच सेक्स्टन सॅम आणि जॅक दोघांनाही शिकवायला आहे.

माझं विचाराल तर आज उद्याची मॅच जिंकायची असेल तर जॅक, आणि 2027चा वर्ल्ड कप डोक्यात असेल तर सॅमला मार खाऊ द्यायला हवा, पण दोन मॅच ह्याला दोन मॅच त्याला असं चाललं तर दोघंही बिथरतील. 2025ला लायन्सच्या, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्र टीमच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर पहिल्या निवडीत 15 आयरिश होते, कोच आयर्लंडचाच अँडी फॅरल, आणि 10 नंबरला एकही आयरिश नाही. ऑफिसात हे वाक्य टाका आणि कॉफी घेऊन निघा.

यांच्या टीममध्ये निम्मे न्यूझीलंडचेच दिसतात. भाड्याची माणसं आणून जिंकण्यात कसला पराक्रम?
(कोल्हापूर)

निम्मे नाही हो काका, गाजलेले तिघं. स्क्रम-हाफ (घोळक्यातून बॉल काढून पुढे देणारा) जेमिसन गिब्सन-पार्क, विंगर, म्हणजे कडेने पळणारा, जेम्स लो आणि सेंटरला, म्हणजे मधे, बंडी आकी (नाव असंच आहे, हसू नका). तेव्हा नियम होता की तीन वर्षं एखाद्या देशात राहिलात की त्या देशाकडून खेळता येतं, आता तो पाच वर्षांचा केलाय, म्हणजे ही खिडकी बरीचशी बंद झाली. चौथा मॅक हॅन्सन, तो ऑस्ट्रेलियात जन्मला पण आई कॉर्कची, त्यामुळे त्याचा हिशोब वेगळा.

पण भाड्याचे म्हणू नका. बंडी 2014ला कनॉटला आला, आयर्लंडमधला सगळ्यात गरीब प्रांत, पश्चिमेचा, वारा आणि पाऊस. (आपल्या दिल्लीतलं कनॉट प्लेस आहे ना, ते ज्या ड्यूकच्या नावाचं, त्याचा किताब याच प्रांतावरून.) तिथे राहून 2016ला त्याने कनॉटला लीग जिंकून दिली, तोवर आयुष्यात ते काही मोठं जिंकले नव्हते. दहा वर्षं तिथल्या गॉलवे शहरात काढली, त्याला परका कोण म्हणणार? गिब्सन-पार्कचं तर मला कौतुकच वाटतं, लेन्स्टरला आला तेव्हा बदली खेळाडू होता, आणि तिशीच्या आसपास जगातल्या पहिल्या दोन-तीन स्क्रम-हाफमध्ये जाऊन बसला. बॉल रकमधून, म्हणजे त्यावर पडलेल्या ढिगातून, बाहेर आला की नाही तोवर पुढे गेलेला असतो. पण आता त्याचंही वय झालंय, आणि पाठीमागे मन्स्टरचा क्रेग केसी सोडला तर मोठ्या मॅचचा अनुभव असलेला फारसा कोणी नाही, खरी काळजी ही आहे.

मी कबड्डी खेळतो, कॉर्नरला. रग्बीत माझ्यासारख्या दणकट माणसाने बघावा असा खेळाडू कोण?
(सांगली)

टाइग फर्लाँग. स्पेलिंगवर जाऊ नका, आयरिशमध्ये कशाचं काय होतं देवाला ठाऊक, उच्चार टाइग. आडनाव आपल्याला माहितीतलं, आजोबा म्हणायचे ना, शाळा चार फर्लांगावर, तेच. वेक्सफर्डच्या शेतकऱ्याचा मुलगा.

हा टाइटहेड प्रॉप. स्क्रममध्ये आठ विरुद्ध आठ एकमेकांना भिडतात, पुढच्या रांगेत तिघं, आणि टाइटहेडचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे अडकतं, म्हणजे दोन्ही खांद्यांवर लोड. तुम्ही कॉर्नरला रेडरचा घोटा धरता ना, तेव्हा पाय रोवायला लागतात तसे याला मॅचभर रोवायला लागतात, आणि माती सरकली की सगळा डोलारा खाली. अशा माणसाकडून लोक फक्त ढकलायची अपेक्षा ठेवतात. तर 2018ला लंडनला इंग्लंडविरुद्ध ग्रँड स्लॅमची (सिक्स नेशन्सच्या सगळ्या मॅच जिंकायची) मॅच, सेक्स्टनने बॉल दिला फर्लाँगला, समोरचे सगळे हा आता अंगावर येणार म्हणून तयार, आणि या पठ्ठ्याने शेवटच्या क्षणी अंग वळवून हलकेच बॉल आकीला सरकवला, भिंतीत भगदाड, पुढे ट्राय. यूट्यूबवर बघा, हाताकडे नको, त्याच्या खांद्याकडे बघा.

लायन्सच्या सलग तीन दौऱ्यांत प्रत्येक टेस्टला सुरुवातीपासून हाच. प्रॉप लोणच्यासारखे, मुरायला वेळ लागतो. त्यामुळे नवीन पोरगा तयार आहे असं कोणी सांगितलं की मी दोन वर्षं थांबतो. लूजहेडला, म्हणजे दुसऱ्या बाजूला, पॅडी मॅकार्थी 2025च्या शेवटी टीममध्ये आलाय, लॉक, म्हणजे स्क्रमच्या दुसऱ्या रांगेत, खेळणाऱ्या जो मॅकार्थीचा धाकटा भाऊ. आवडलाय मला. थांबतोय.

जगात नंबर वन होते, न्यूझीलंडला त्यांच्या घरात हरवलं, तरी वर्ल्ड कपची सेमीफायनल एकदाही नाही. नक्की दुखणं काय?
(ठाणे)

आठ वेळा क्वार्टरफायनल खेळले, आठही वेळा हरले. दरवेळचं कारण वेगळं. पण 2023चं मला अजून पचलेलं नाही.

मॅच पॅरिसला. त्याआधी सलग 17 मॅच जिंकलेल्या, 2022ला न्यूझीलंडमध्ये जाऊन सिरीज 2-1 घेतलेली, आणि समोर परत न्यूझीलंडच. 72व्या मिनिटाच्या आसपास रोनन केलहर लाइनच्या पलीकडे पडला, ट्राय झालाच म्हणून सगळे उठले, आणि न्यूझीलंडचा जॉर्डी बॅरेट बॉलच्या खाली हात घालून पडलेला, बॉल जमिनीला टेकलाच नाही. मग शेवटी 28-24ला मागे, घड्याळ संपत आलेलं, आणि आयर्लंडने बॉल हातात ठेवून 37 फेज खेळल्या. म्हणजे पडायचं, उठायचं, परत द्यायचं, परत पडायचं, पाच मिनिटं हे चाललं, घरी मी उभाच होतो, बायको म्हणाली बसा तरी. सॅम व्हाइटलॉकने बॉलवर हात टाकला, शिट्टी, खेळ खलास. सेक्स्टनची ती शेवटची मॅच, वय 38.

आता याच मैदानात 2018ला काय झालं होतं ते आठवा. फ्रान्स पुढे, वेळ संपत आलेली, आयर्लंडने 41 फेज खेळल्या आणि याच सेक्स्टनने लांबून ड्रॉप गोल घालून 15-13 जिंकून दिलं. तेव्हा दोन पॉइंट पुरत होते म्हणून ड्रॉप चालला, 2023ला पाच हवे होते, ट्रायशिवाय इलाज नव्हता. नशीब म्हणा हवं तर. पण मला वाटतं दुखणं नशिबात नाही. सगळ्या मोठ्या मॅचला तेच 15 जण खेळवायची सवय लागली, सेक्स्टन 38चा होईपर्यंत मागच्याला खेळायलाच मिळालं नाही. एकाच वेळी पीटर ओ'माहनी, कॉनर मरे आणि कियान हीली 2025ला गेले, त्यातला हीली तर आयर्लंडसाठी सगळ्यात जास्त मॅच खेळलेला, सदतिशीत. घरात वडीलधारे चाव्या सोडत नाहीत तसं झालं. त्याचं बिल आता येतंय. 2025च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाला 46-19 धुतलं, आणि पुढच्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेने डब्लिनमध्ये येऊन स्क्रममध्ये असं चिरडलं की पिवळी कार्डं मोजायला बोटं लागली.

उत्तर आयर्लंड यूकेत, दक्षिण वेगळा देश, मग टीम एक कशी?
(नागपूर)

देशाचे तुकडे 1921ला पडले, रग्बीची संघटना त्याआधीची. त्यांनी फाळणी केलीच नाही. चार प्रांत, त्यात अल्स्टर उत्तरेचा, आणि जर्सी एक.

मी बारावीत आहे, आमच्या कॉलेजमध्ये मुलींची रग्बी टीम आहे. आयर्लंडच्या मुलींबद्दल कधीच काही लिहीत नाही तुम्ही!
(मुंबई)

बरोबर आहे गं, चूक माझी. आणि गोष्टही भारी आहे. 2023च्या सिक्स नेशन्समध्ये आयरिश मुली पाचच्या पाच मॅच हरून तळाला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये व्हँकुव्हरला समोर न्यूझीलंड, वर्ल्ड चॅम्पियन. शेवटच्या मिनिटाला एरिन किंगने, बदली म्हणून आलेली, दुसरा ट्राय टाकला, स्कोअर 27-27, आणि विशीतली डॅना ओ'ब्रायन कन्व्हर्जनला, म्हणजे ट्रायनंतरच्या दोन पॉइंटच्या किकला, उभी. घातली. 29-27. एरिन त्या वर्षी जगातली सर्वोत्तम नवोदित खेळाडू ठरली, मग नेमकी 2025च्या वर्ल्ड कपला गुडघ्यामुळे बाहेर. तिथे क्वार्टरफायनलला फ्रान्सविरुद्ध हाफटाइमला 13-0 पुढे होत्या आणि 18-13 हरल्या (पुरुषांचा आजार यांनाही लागला की काय). तू बघायला सुरुवात करायची तर ईफा वेफरपासून कर, 2025च्या सिक्स नेशन्सची सर्वोत्तम खेळाडू. बॉल घेऊन ती भिडते तेव्हा पाय थांबत नाहीत, टॅकल झाल्यावरही दोन-तीन पावलं पुढे. तुमच्या कोचला दाखव.

जास्त बोलू नका, एकच नाव सांगा. नवीन पोरांतलं.
(सोलापूर)

एडविन एडोग्बो. मन्स्टरचा लॉक, कोव्हचा, टायटॅनिक शेवटचं जिथे थांबलं ते बंदर. टाचेची शीर तुटून बराच काळ बाहेर होता, परत आलाय. मॉल (बॉलवाल्याला धरून उभ्यानेच पुढे सरकणारा घोळका) ढकलताना बघा.