जिउजायगोऊची रंगीत तळी टूरशिवाय, चिनी न येता पाहता येतात का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. सिचुआनमधलं जिउजायगोऊ राष्ट्रीय उद्यान टूर कंपनीशिवाय आणि चिनी भाषा न येता करता येईल का, साठीपलीकडच्या आईवडिलांना ते झेपेल का, आणि फोटोंतले रंग खरे असतात का.

मी २०२४ च्या ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात वडिलांना, म्हणजे नानांना, घेऊन गेले होते. ते तेव्हा ६७ वर्षांचे. आमची निफाड तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत नाना बाग काकांवर सोपवून येतील असं मला शेवटपर्यंत वाटत नव्हतं, पण आले. चिनी आम्हा दोघांनाही येत नाही. तेव्हा तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो असंच आहे. मात्र दोन दिवस द्या. एका दिवसात उरकायचं असेल तर आईवडिलांना नेऊ नका, ते थकतील आणि त्यांच्या हाती फक्त बसच्या खिडक्या लागतील.

रंगांचं आधी सांगते, कारण नानांनीही पहिल्यांदा तेच विचारलं. पंचपुष्प सरोवर म्हणून एक तळं आहे, चिनीत वूहुआहाय. खोली जेमतेम पाच मीटर. तळाशी पडलेले झाडांचे बुंधे काचेखाली ठेवल्यासारखे दिसतात आणि पाणी एका कडेला पोपटी, मध्ये मोरपंखी, पलीकडे गडद निळं. नाना कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "यांनी पाण्यात मोरचूद कालवलंय का गं?" ज्यांनी आयुष्यभर द्राक्षांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणासाठी निळं मोरचूद आणि चुना भिजवला, त्यांना दुसरं काय आठवणार!

मोरचूद नाही, पण चुना आहे. हे मिनशान पर्वतरांगेतले डोंगर बरेचसे चुनखडीचे. पावसाचं आणि बर्फाचं पाणी त्या खडकांतून झिरपताना चुनखडी विरघळवत येतं. ते उघड्यावर आलं, दगडधोंड्यांवरून खळाळलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि विरघळलेली चुनखडी पुन्हा घट्ट होऊन बसते. बोअरच्या पाण्याने गिझरच्या कॉइलवर पांढरा थर धरतो ना, तोच प्रकार. इथे तो थर शेवाळावर, मुळांवर, आडव्या पडलेल्या झाडांवर हजारो वर्षं बसत गेला, त्याचे बांध तयार झाले आणि बांधांमागे पाणी अडलं. एकाखाली एक अशी शंभराहून जास्त तळी. पाणी इतकं नितळ की उजेड थेट तळापर्यंत जातो. प्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेतं, निळा परत येतो. त्यात पांढरट तळ, शेवाळ आणि कमीजास्त खोली मिसळली की एकाच तळ्यात चार रंग दिसतात. आपलं लोणार २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झालं होतं ते खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. इथली गोष्ट मुख्यतः चुनखडीची आणि उजेडाची आहे.

म्हणजे रंग खरे. फक्त उजेड हवा. पहिल्या दिवशी दुपारी ढग आले आणि तेच पंचपुष्प सरोवर राखी-हिरवं होऊन बसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या उन्हात पुन्हा गेलो तेव्हा नाना बोलेचनात. दोन दिवस द्या म्हणते त्याचं खरं कारण हे आहे.

आता पोचायचं कसं. भारतीय पासपोर्टला चीनचा व्हिसा आधी काढावाच लागतो. बऱ्याच देशांच्या लोकांना आता व्हिसाशिवाय प्रवेश मिळतो, त्यांचे व्हिडिओ पाहून गल्लत करू नका. मुंबईत व्हिसा अर्ज केंद्र आहे. तिबेटसाठी लागतो तो वेगळा परवाना मात्र इथे लागत नाही. उद्यान तिबेटी वस्तीच्या भागात असलं तरी ते सिचुआन प्रांतात, आबा नावाच्या तिबेटी आणि च्यांग लोकांच्या स्वायत्त विभागात येतं. माझ्या एका मैत्रिणीला एजंटाने 'तिबेट परमिट' म्हणून वेगळे पैसे सांगितले होते. असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

आम्ही बँकॉकमार्गे सिचुआनच्या राजधानीत, चेंगदूला, उतरलो. तिथून पूर्वी डोंगरातून आठ-दहा तासांची बस होती. २०२४ च्या ऑगस्टअखेर चेंगदू ते ह्वांगलोंग-जिउजाय ही वेगवान रेल्वे सुरू झाली आणि तो त्रास संपला. रेल्वे दोन तासांच्या आत सोडते, पुढे बसने दीड-दोन तास. विमानतळही आहे, पण तो ३,४४८ मीटरवर. चेंगदू समुद्रसपाटीपासून जेमतेम पाचशे मीटर. ज्येष्ठ माणसांना एकदम एवढ्या उंचीवर उतरवू नये असं माझं मत, रेल्वेच बरी. रेल्वेचं स्टेशनही उंचावर आहे, पण तिथे थांबायचं नसतं. बस उद्यानाच्या तोंडाशी जांगजा गावात सुमारे २,००० मीटरवर उतरवते आणि रात्री तिथेच झोपायचं.

रेल्वेचं तिकीट पासपोर्ट क्रमांकावर निघतं. स्टेशनवर चिनी लोक ओळखपत्र टेकवून गेटमधून भराभर जातात, आपण कर्मचारी उभा असतो त्या गेटवर पासपोर्ट दाखवायचा. उद्यानाचं तिकीटही नाव, पासपोर्ट आणि तारीख घालून आधीच काढायचं. दिवसाला किती माणसं आत सोडायची याला मर्यादा आहे, आणि ऑक्टोबरात ती भरते. पासपोर्टावर नाव ज्या क्रमाने छापलंय त्याच क्रमाने टाका. नानांचं आडनाव मी शेवटी टाकलं होतं, त्यामुळे गेटवर पंधरा मिनिटं गेली. आम्हाला प्रवेश आणि आतल्या बससाठी माणशी २८० युआन पडले, हिवाळ्यात ते बरंच स्वस्त होतं.

१ ते ७ ऑक्टोबर टाळा. चीनमध्ये ती राष्ट्रीय सुट्टी असते आणि तेव्हा तळ्यांपेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतील. मध्य ते अखेर ऑक्टोबर सगळ्यात सुंदर. मॅपलची पानं लाल, बर्चची पिवळी, आणि त्यांची पडछाया निळ्या पाण्यात. जुलै-ऑगस्ट पावसाचे.

पैशांचं थोडक्यात. यूपीआय, रुपे विसरा. निघण्याआधी घरीच अलीपे हे पैसे देण्याचं चिनी ॲप घ्या, त्यात आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू केलेलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडा. कणसं विकणाऱ्या बाईंपासून बसपर्यंत सगळीकडे तो चौकोनी कोड चालतो. दोनशे युआनवरच्या खर्चाला ते ३ टक्के जादा घेतात. थोडी रोख ठेवा. व्हॉट्सॲप आणि गूगल तिथल्या इंटरनेटवर चालत नाहीत, भारतातलं रोमिंग असेल तर चालतात. भाषांतराचं ॲप नेट नसतानाही चालावं म्हणून त्यात चिनी भाषा आधीच उतरवून ठेवा.

हॉटेलने मात्र आम्हाला रडवलं. ऑनलाइन पैसे भरलेले होते. रात्री नऊला पोचलो तर काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहून मान हलवली आणि फोनवर लिहून दाखवलं, परदेशी पाहुण्यांची नोंद आम्हाला करता येत नाही. परदेशी माणूस कुठे उतरला याची पोलिसांकडे २४ तासांत नोंद करावी लागते, हॉटेलं ती करतात, आणि काही छोट्या ठिकाणी ते काम कोणाला येतच नसतं. परदेशी म्हणून नाकारू नका असं सरकारने आता त्यांना बजावलंय, पण रात्री नऊला सरकार कुठून आणणार? त्या मुलीनेच शेवटी शेजारच्या मोठ्या हॉटेलात फोन केला आणि नानांची बॅग उचलून आम्हाला तिथपर्यंत सोडलं. तुम्ही बुकिंग झाल्यावर संदेश पाठवून 'भारतीय पासपोर्ट चालेल ना' असं विचाराच, आणि उत्तर जपून ठेवा. उद्यानाच्या आत मुक्काम करता येत नाही. कोणी 'आतल्या गावात खोली देतो' म्हणालं तरी जाऊ नका.

आईवडिलांच्या झेपण्याचं. उद्यान इंग्रजी वाय अक्षरासारखं आहे. खालची दांडी म्हणजे शूजंग दरी, वर उजवीकडे रिझे आणि डावीकडे झेचावा, तिन्ही नोरिलांग धबधब्यापाशी मिळतात. सगळीकडे बस फिरते, कुठेही उतरा, कुठूनही पुन्हा चढा. चढायचं काम बसचं, आपण फक्त उतरणीला लाकडी पायवाटेने चालायचं. नानांचे गुडघे दुखतात, तरी दोन दिवस निभावले. आम्ही पहिल्या दिवशी रिझे आणि दुसऱ्या दिवशी झेचावा, मग उतरताना शूजंग, असं केलं. ढगांनी हिरावलेलं पंचपुष्प सरोवर मधे परत पाहिलं ते वेगळंच.

सगळ्यात उंच जागा झेचावाच्या टोकाला, दीर्घ सरोवर, सुमारे ३,१०० मीटर. तिथे नानांचं डोकं जड झालं. अर्धा तास बसलो, पाणी प्यालो, खालच्या पंचरंगी कुंडापर्यंत उतरलो आणि डोकं हलकं झालं. आदल्या दोन रात्री २,००० मीटरवर झोपल्याचा उपयोग झाला. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी विचारा. जवळच ह्वांगलोंग आहे, पिवळ्या चुनखडीच्या पायऱ्यांवर हजारो कुंडं, तेही सुंदर. पण तिथलं वरचं कुंड साडेतीन हजार मीटरच्या वर आहे. रोपवे असूनही मी नानांना नेलं नाही.

तुम्ही शाकाहारी असाल तर नोरिलांगच्या गर्दीच्या उपाहारगृहावर भिस्त ठेवू नका. आम्ही दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि राजगिऱ्याचे लाडू नेले होते. 'मांस नको, मासे नको, अंडं नको, चरबीतही शिजवू नका' हे चिनी अक्षरांत लिहून फोनवर ठेवा, नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर वर खिमा भुरभुरून येतो. परतताना चेंगदूच्या वेनशू मठातलं शाकाहारी जेवण चुकवू नका.

आत तिबेटी गावं आहेत. जिउजायगोऊ म्हणजेच नऊ गावांची दरी. शूजंग गावापाशी पाण्याच्या जोरावर फिरणारं प्रार्थनाचक्र आहे. ती काही प्रदर्शनात मांडलेली गावं नव्हेत, माणसं तिथे राहतात. १९७० च्या दशकात इथे जंगलतोड चालायची. १९७८ ला संरक्षित क्षेत्र झालं, १९९२ ला युनेस्कोच्या यादीत आलं, पुढे आतली शेतीही थांबली. म्हणजे आपल्याला तळी जशीच्या तशी दिसावीत म्हणून त्या लोकांनी जमीन कसणं सोडलं. त्यांच्या दारात, अंगणात न विचारता फोटो काढू नका, एवढं आईबाबांनाही सांगा. नाना दारातल्या म्हाताऱ्या गृहस्थांना हात जोडून नमस्कार करत होते आणि प्रत्येकाने उलट हात जोडले.

पाण्याला हात लावू नका, पायवाट सोडू नका. हे नियम कडक आहेत आणि असायलाच हवेत. ८ ऑगस्ट २०१७ ला इथे ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. नोरिलांग धबधब्याचा काही भाग कोसळला आणि हुओहुआहाय, म्हणजे ठिणग्यांचं सरोवर, त्याचा चुन्याचा बांध फुटून जवळजवळ सगळं तळं वाहून गेलं. हजारो वर्षांत साठलेलं एका रात्रीत. बांध दुरुस्त केला, तळं पुन्हा भरलं, टप्प्याटप्प्याने उद्यान २०२१ पर्यंत पूर्ण उघडलं.

आम्ही या ठिणग्यांच्या सरोवरापाशी दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमाराला पोचलो. नानांना मी भूकंपाचं सांगितलं. गावच्या पाझर तलावाचा बांध फुटला होता तेव्हा ते रात्रभर पाण्यात उभे होते, त्यामुळे त्यांनी तळं सोडून फक्त बांधच पाहिला. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, वाकून पाहिलं, परत आले. "सांधा कुठंय ते सापडत नाही," म्हणाले. खाली पाणी झिरपत होतं, आणि झिरपत्या जागी शेवाळावर पांढरा थर धरायला लागला होता.

तुम्ही तिथे सकाळी थांबा. ऊन तिरपं असतं तेव्हा पाण्यावर खरंच ठिणग्या उडतात म्हणतात, आम्हाला उशीर झाला होता.