गाडी इलेक्ट्रिक घ्यावी की हायब्रिड?

पहिलीच गाडी घेताय, म्हणून सांगतो: शोरूममधला इलेक्ट्रिक गाडीचा 'किलोमीटरला एक रुपया' हा हिशेब तसाच मान्य करू नका. महावितरणचे घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात. महिन्याला हजार किलोमीटर गाडी चालवली आणि एका युनिटला सात किलोमीटर धरले, तर सुमारे १४३ युनिटे वाढतात, आणि आधीच २०० युनिटे जळणाऱ्या घरात त्यांतली काही थेट तीनशेच्या वरच्या महाग टप्प्यात जाऊन पडतात. म्हणून सावधपणे युनिटला १४ रुपये, म्हणजे किलोमीटरला दोन रुपये धरा. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या पेट्रोल गाडीला, पेट्रोल १०५ रुपये धरल्यास, सात रुपये लागतात. दोन्ही गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल, तर तो ६० हजार किलोमीटरनंतर, म्हणजे पाच वर्षांनी भरून निघतो. छतावर सौर पॅनेल असल्यास त्याहून लवकर. महिन्याला चारशे किलोमीटरच धावणाऱ्याचा मात्र हा आतबट्ट्याचा व्यवहार ठरेल.

सोसायटीत स्वतःच्या पार्किंगपर्यंत वायर ओढता येणार नसेल आणि सगळी भिस्त सार्वजनिक फास्ट चार्जरवर असेल, तर बचतीचा मोठा वाटा तिथल्या चढ्या दरातच जिरतो. अशांनी स्ट्राँग हायब्रिडचा, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या व बाहेरून चार्ज न कराव्या लागणाऱ्या गाडीचा, विचार करावा, पण तोही शहरी वाहतुकीत, कारण ब्रेक दाबताना बॅटरीत परत येणारी ऊर्जा तिथेच कामी येते. सलग महामार्गावर तिचा फायदा बराच घटतो. जुन्या इलेक्ट्रिक गाडीची बोली लावताना बॅटरीची किती वॉरंटी उरली आहे, ते आधी विचारा.