लिफ्ट, रेझ, हॉइस्ट आणि हीव्ह यांत नेमका फरक काय?

या चारही क्रियापदांना आपण मराठीत सरसकट ‘उचलणे’ म्हणून मोकळे होतो, त्यामुळे हा गोंधळ होणे स्वाभाविक आहे. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात सकाळी थोडा वेळ उभे राहिल्यास उत्तर समोरच दिसते. माथाडी कामगार ५० किलोची गोणी गुडघ्याचा रेटा देऊन, दम रोखून पाठीवर घेतो, ते ‘हीव्ह’. या शब्दात वजनाबरोबर श्रमही आले, म्हणून चहाचा कप कोणी ‘हीव्ह’ करत नाही. गोणी जमिनीवरून उचलली एवढेच सांगायचे असेल, तर ‘लिफ्ट’ पुरेसे आहे.

दोर, कप्पी किंवा क्रेन आली की ‘हॉइस्ट’ वापरावे. हा शब्द जहाजावर शीड चढवण्याच्या कामात रुळलेला असल्याने न्हावा-शेवा बंदरात कंटेनर उचलणाऱ्या क्रेनलाही तो शोभतो. झेंड्याचेही तसेच आहे: १५ ऑगस्टला खाली बांधलेला तिरंगा दोरीने वर चढवतात, ते ‘हॉइस्ट’, २६ जानेवारीला मात्र तो आधीच वर बांधलेला असतो आणि केवळ उलगडला जातो, म्हणून तेथे ‘अनफर्ल’ हवे. सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर हा भेद क्वचितच पाळलेला दिसतो.

‘रेझ’मध्ये उंची किंवा पातळी वाढवणे मुख्य असते: हात वर करणे, घरभाडे वाढवणे, सभेत मुद्दा उपस्थित करणे. त्याला कर्म लागते. सूर्य स्वतःहून उगवतो, म्हणून त्याच्यासाठी ‘राइझ’.